सहलेखन : म्हाइंभटांपासून विकीपर्यंत

महाजालावर जेथे माणसे एकत्र येतात, तेथील प्रत्येक प्रणालीला आपण ‘सामाजिक’ म्हणून एकाच खात्यात टाकतो. वर्गीकरण ढोबळ झाले की मूल्यमापनही ढोबळ होते. वास्तविक येथे तीन प्रकार तरी वेगळे काढता येतात. ऑर्कुटने (2004–2014) माणसे माणसांशी जोडली. 1996 साली सुरू झालेल्या ‘मायबोली’सारख्या संकेतस्थळांनी संभाषण घडवले, तेथे प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या खऱ्या वा टोपण नावाखालीच राहते. विकीचे तसे नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिली विकी उभारली. मराठी विकिपीडिया 2003 मध्ये सुरू झाला. येथे अनेकांचे हात एकाच संहितेवरून फिरतात. खऱ्या अर्थाने सहलेखन म्हणावे ते यालाच.

मराठीच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. मग ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा सिद्ध केल्या. ‘लीळाचरित्रा’चे अनेक पाठ आढळतात ते त्यामुळे. नांदेड जिल्ह्यातले माहूर ज्या पंथाचे तीर्थस्थान आहे, त्या महानुभाव पंथाने भिन्न आठवण पुसून टाकली नाही. ‘वासना’ म्हणून ती नोंदवून ठेवली.

विकीच्या प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पाने असतात, ती याच जातीची. भेद आहे तो अधिकाराचा. नागदेवाचार्यांचा शब्द प्रमाण होता, कारण ते श्रीचक्रधरांच्या सहवासात राहिले होते. विकीत ती जागा संदर्भाने घ्यायची असते. संदर्भ नसेल तर संहिता अनेकांची होते, पण जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

नांदेड-लातूरच्या वर्गांत आपण पाठभेद शिकवतो, आणि त्याच तासाला ‘विकिपीडियावर विश्वास ठेवू नका’ असे बजावतो. विद्यार्थी मान डोलावतात आणि रात्री तेथूनच उतरवून घेतात. त्यापेक्षा वि. भि. कोलते यांच्या 1978 च्या ‘लीळाचरित्रा’शेजारी एखाद्या मराठी लेखाचे ‘इतिहास’ पान उघडून ठेवावे. कोणी काय बदलले, कशाच्या आधारावर बदलले, हे विचारण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे. आणि ती लावणे हे आपलेच काम आहे.