संपूर्ण भुलीचा श्वानांच्या फुप्फुसांवरील परिणाम

संपूर्ण भूल दिल्यावर श्वानाच्या श्वसनक्रियेत आणि फुप्फुसांतील वायूंच्या देवाणघेवाणीत बदल होतात. निरोगी श्वानही याला अपवाद नसतो. रक्तातील प्राणवायू कमी होणे आणि कार्बन डायऑक्साइड साचणे हे याचे दोन प्रमुख परिणाम असून ते एकमेकांपासून स्वतंत्रपणेही उद्भवू शकतात.

श्वसनकेंद्रावरील परिणाम

रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतील श्वसनकेंद्र श्वसनाचा जोर वाढवते. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारख्या श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे हा प्रतिसाद मंदावतो. भूल जितकी गाढ, तितका तो अधिक मंदावतो. श्वानाच्या रोहिणीतील रक्तात या वायूचा दाब साधारणतः ३५ ते ४५ मिमी पारा असतो. भुलीत स्वतः श्वास घेणाऱ्या श्वानात तो बहुधा याहून वाढतो. प्रोपोफॉल शिरेतून वेगाने दिल्यास श्वसन काही काळ थांबू शकते.

वायुकोश मिटणे

स्नायू शिथिल झाल्याने श्वासपटल छातीकडे सरकते आणि उच्छ्वासानंतर फुप्फुसांत उरणारी हवा घटते. शरीराच्या खालच्या बाजूस आलेला फुप्फुसाचा भाग दबून तेथील वायुकोश मिटतात. अशा भागातून वाहणारे रक्त प्राणवायू न घेताच हृदयाकडे परतते. एरवी तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त हवेशीर भागाकडे वळवतात. श्वासावाटे दिलेली भूल ही यंत्रणाही दुर्बल करते.

भुलीत बहुधा शुद्ध प्राणवायू दिला जातो. हवेतील सुमारे ७८ टक्के नायट्रोजन रक्तात सावकाश शोषला जात असल्याने वायुकोशांना आतून आधार देतो. शुद्ध प्राणवायू मात्र वेगाने शोषला जातो व वायुकोश मिटण्यास हातभार लावतो. तरीही भुलीपूर्वी तो काही मिनिटे दिल्यास, श्वास थांबला तरी श्वासनलिकेत नळी बसवण्यास अधिक अवधी मिळतो.

देखरेख

पल्स ऑक्सिमीटर रक्ताची प्राणवायू-संपृक्तता दाखवतो. ती ९० टक्क्यांखाली जाणे म्हणजे प्राणवायूचा दाब सुमारे ६० मिमी पाऱ्याखाली जाणे होय. शुद्ध प्राणवायूवर निरोगी फुप्फुसांत हा दाब सुमारे ५०० मिमी असतो. तो १५० पर्यंत घसरला, तरी ऑक्सिमीटर जवळपास १०० टक्केच दाखवतो. अपुऱ्या श्वसनामुळे साचणारा कार्बन डायऑक्साइडही या उपकरणात दिसत नाही. त्यासाठी कॅप्नोग्राफ किंवा रोहिणीतील रक्ताची वायुचाचणी आवश्यक असते.

उपाय व जोखीम

आवश्यक तेवढीच गाढ भूल देणे, गरजेनुसार कृत्रिम श्वसन देणे आणि उच्छ्वासाअखेर श्वसनमार्गात थोडा दाब राखणे हे मुख्य उपाय आहेत. छातीतील दाब वाढल्यास हृदयाकडे परतणारे रक्त घटून रक्तदाब उतरू शकतो, म्हणून त्यावरही लक्ष ठेवावे लागते.

स्थूल, गाभण, छातीला इजा झालेल्या किंवा पोट फुगलेल्या श्वानांत धोका अधिक असतो. पग, बुलडॉग अशा आखूड नाकाच्या जातींत शुद्धीवर येताना श्वसनमार्ग बंद होण्याची भीती असते. त्यामुळे श्वान पुरेसा सावध होऊन गिळू लागेपर्यंत श्वासनलिकेतील नळी काढली जात नाही.