मांडीवरच्या यंत्राचे वजन

लॅपटॉप घ्यायला गेलो की दुकानदार विचारतो, ‘रॅम किती हवी?’ आपण विचारतो, ‘स्वस्तात कोणता आहे?’ या यंत्राचा इतिहास चाळला तर तिसराच प्रश्न पुढे येतो : हे यंत्र घडवताना डोळ्यांसमोर कोण होते?

१९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के यांनी ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली. वहीएवढे, दोन किलोंच्या आतले, लहान मुलांनाही वापरता येईल असे यंत्र. ते त्या रूपात कधीच बाजारात आले नाही. पण तिथे विचाराची सुरुवात माणसापासून झाली होती.

प्रत्यक्षात १९८१ मध्ये आला तो ‘ऑस्बोर्न १’. किंमत १,७९५ डॉलर, पडदा पाच इंची, वजन सुमारे ११ किलो. शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसणारा आणि भिंतीतल्या विजेवरच चालणारा. तरीही तो खपला, कारण लेखनाचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्याच किमतीत मिळे. १९८२ च्या ‘ग्रिड कंपास’ने पडदा कळफलकावर मिटवण्याची सोय आणली. तो अवकाशयानातूनही फिरून आला. पण ८,१५० डॉलर मोजणार कोण? १९८९ चा ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ सात किलोंचा होता आणि फसला. त्याच कंपनीने १९९१ च्या ‘पॉवरबुक’मध्ये कळफलक मागे सरकवून पुढे मनगटे टेकायला जागा ठेवली. आज जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपवर ती जागा असते. वेगापेक्षा मनगटाचा विचार अधिक टिकला.

मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी. पूर्वी पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’सारखी प्रणाली वेगळी घ्यावी लागे. ‘विंडोज २०००’पासून देवनागरीची सोय मूळ प्रणालीतच आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा टंक कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला.

हा इतिहास मला उशिरा कळला. माझा पहिला लॅपटॉप मी दुकानदाराच्या सल्ल्याने मोठ्या पडद्याचा घेतला. दप्तरखान्याचे जिने चढताना खांदा भरून येई, आणि दुपारपर्यंत बॅटरी संपे. शेवटी लॅपटॉप घरी राहिला आणि मी पुन्हा पेन्सिलीने नोंदी करू लागलो. यंत्र वाईट नव्हते. ते माझ्यासाठी नव्हते, एवढेच.

म्हणून विकत घेण्याआधी तो हातात उचलून पाहावा, एक परिच्छेद मराठीत टाइप करावा, मनगटे कुठे टेकतात ते बघावे, आणि प्लगाविना किती तास चालतो ते विचारावे. रॅमचा प्रश्न त्यानंतरचा. अ‍ॅलन के यांनीही सुरुवात माणसापासूनच केली होती.