दोष चोरणारी मूस

एखाद्या पिढीची कविता 'एकाच मुशीतून काढलेली' आहे असे आपण समीक्षेत लिहितो, तेव्हा मूस म्हणजे साचा हे आपण गृहीत धरलेले असते. मूळ संस्कृत 'मूषा' मात्र धातू वितळवण्याचे पात्र होय. तेराव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात तिची व्युत्पत्तीच अशी दिली आहे की, जी दोष चोरते ती मूषा. तेथील वज्रमूषेच्या कृतीत मातीबरोबर ताग, घोड्याची लीद, जळलेल्या तुसाची राख आणि लोहकीट सांगितले आहे. म्हणजे अग्नी सोसणारे पात्र केवळ सोसत नाही, धातूच्या शुद्धीत ते भागही घेते, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. आमच्या मते खोपोलीच्या औद्योगिक इतिहासाकडे याच दृष्टीने पाहावयास हवे.

बोरघाटाच्या माथ्यावरील तलावांचे पाणी खाली आणून टाटांनी 1915 साली खालापूर तालुक्यातील खोपोलीहून मुंबईला वीज पुरवण्यास आरंभ केला. 1922 साली कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. पुढे 1962 साली स्थापन झालेल्या महिंद्र युजीन कंपनीने खोपोलीत विद्युत्-भट्टीतून मिश्रपोलाद काढले. तिचा फ्रेंच भागीदार ज्या युजीन गावचा, तेथेही आल्प्सच्या पायथ्याशी जलविद्युतेच्या बळावरच पोलाद उभे राहिले होते. डोंगराचे पाणी, पाण्याची वीज, विजेचा अग्नी ही साखळी अशी दोन्हीकडे सारखी आहे. परंतु सुमारे 1600 अंश सेल्सियसवरचे वितळलेले पोलाद ठेवायचे कशात?

गावच्या विटेत ते ठेवता येत नाही. आपली वीट हजार अंशांच्या आसपास भाजते. तिला लाली देणारे लोहच, मातीतील चुन्या-क्षारांच्या साथीने, तिला त्याहून फार वर टिकू देत नाही. म्हणून भट्टीच्या अस्तराला उच्चतापसह पदार्थ लागतात. कामगारांच्या भाषेत ही 'रिफ्रॅक्टरी'. अग्निमृत्तिकेची फायरब्रिक ही त्यातील सर्वांत परिचित. आपल्या भंडारा जिल्ह्यात मिळणारा कायनाइट तापताना फुगतो, म्हणून तो आधी भाजून मगच विटेत घालतात.

केवळ वितळणबिंदू पाहून मात्र वीट निवडता येत नाही. सिलिका सुमारे 1710 अंशांना, अॅल्युमिना 2050 च्या आसपास, तर मॅग्नेशिया 2800 च्या जवळपास वितळते. तरीही प्रश्न स्वभावाचा असतो. सिलिका आम्लधर्मी, मॅग्नेशिया व डोलोमाइट अल्कधर्मी, तर क्रोमाइट जवळजवळ उदासीन. चुनायुक्त मळी सिलिकेच्या विटेला खाऊन टाकते, मॅग्नेशियाची वीट मात्र तिच्यापुढे टिकते. तीच मॅग्नेशियाची वीट एकाएकी तापवली वा निववली तर तडकते. अशा प्रत्येक गुणाबरोबर एक उणीव येते.

या स्वभावभेदाचा अर्थ जगाला उलगडून दिला तो लंडनच्या पोलीस न्यायालयातील एका कारकुनाने. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हा शाळेत अभिजात भाषा शिकलेला तरुण रात्रीच्या वर्गात रसायनशास्त्र शिकला. बेसेमरच्या सिलिका-अस्तराच्या भट्टीत लोखंडातील फॉस्फरस जात नसे आणि पोलाद ठिसूळ होई. चुना घालावा तर तो अस्तरच खाई. टॉमसने चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याच्या साहाय्याने अस्तरच अल्कधर्मी केले. 1879 मध्ये मिडल्सब्रो येथे प्रयोग यशस्वी झाला आणि फॉस्फरसयुक्त खनिजे पोलादासाठी खुली झाली. टॉमस 1885 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला. अस्तर बदलताच दोष निघून गेला. मूषेच्या त्या जुन्या व्युत्पत्तीला याहून समर्पक भाष्य कोणते?

अस्तर मात्र झिजते. प्रत्येक ओतणीत थोडे थोडे विरघळते, फोडून काढावे लागते आणि गवंड्यांना तापलेल्या भट्टीच्या तोंडाशी पुन्हा रचावे लागते. इतिहास पोलादाचे टन मोजतो; या झिजेची नोंद ठेवत नाही. कर्जत-खालापुरातील कातकरी कुटुंबे उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने संपली, उचल संपली नाही. त्यांची वीट आणि भट्टीची वीट यांची जात निराळी. पण दोन्हींच्या मागची माणसे नोंदींबाहेरच राहिली आहेत. या दोन तालुक्यांचा इतिहास लिहावयाचा तर धरण, वीज व पोलाद यांच्या बरोबरीने अस्तर रचणाऱ्यांची आणि विटा भाजणाऱ्यांची कथने, ती सांगणारे हयात आहेत तोवर, त्यांच्याच बोलीत टिपून घेतली पाहिजेत. हे काम अभियंत्यांचे नव्हे. भाषेच्या विद्यार्थ्यांचे आहे आणि म्हणून आमचेही आहे.