चौधरी, शंखो

(२५ फेब्रुवारी १९१६ – २८ ऑगस्ट २००६). आधुनिक भारतीय शिल्पकार आणि बडोद्याच्या कलाशिक्षणाचे एक आद्य शिल्पकार-अध्यापक. मूळ नाव नरनारायण. जन्म संताळ परगण्यात. शांतिनिकेतनच्या कलाभवनात रामकिंकर बैज यांच्याकडे ते शिल्पकला शिकले आणि नेपाळमधील युद्धस्मारकाच्या कामात त्यांनी गुरूंना साहाय्य केले.

रामकिंकरांची सिमेंट-खडीची शिल्पे खडबडीत, उसळत्या जोमाची आहेत. चौधरींचा पिंड निराळा. आकार घोटत घोटत मोजक्या वळणांवर आणायचा, ही त्यांची ओढ. १९४९ च्या सुमारास इंग्लंड व पॅरिसमध्ये असताना इश्तवान बेओती या हंगेरियन शिल्पकाराच्या सहवासात ती पक्की झाली. भाजलेली माती, प्लास्टर, लाकूड, संगमरवर, काळा दगड, स्लेट, तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम असा त्यांच्या माध्यमांचा पल्ला आहे. पण एका माध्यमातला आकार त्यांनी दुसऱ्यात नुसता उतरवला नाही. लाकडात रेषांची चाल सांभाळली, दगडात घनता राखली. धातूच्या पत्र्यात तर त्यांनी वजनच टाकून दिले. वाकवलेल्या पत्र्यांच्या पक्ष्यांमध्ये पृष्ठभागाइतकीच आतली पोकळी बोलते. त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत स्वतंत्र म्हणावा लागेल. व्यक्तिशिल्पांतही ते तितकेच रमले. रिओ दि जानेरो येथील महात्मा गांधींचा पुतळा त्यांचाच.

१९४९ ते १९७० या काळात त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत शिकवले. शिल्प विभागाचे प्रमुखपद व पुढे अधिष्ठातापद सांभाळले. चित्रकला विभागात नारायण श्रीधर बेंद्रे, के. जी. सुब्रमण्यन असे सहकारी होते. पाश्चात्त्य नमुन्यांच्या हुबेहूब नकलेवर बेतलेल्या जुन्या शिक्षणापेक्षा येथील वळण मोकळे होते: विद्यार्थ्याने माध्यम स्वतः हाताळावे आणि कारागिरांचे कसबही शिकावे. विद्याशाखेत भरणाऱ्या कला-जत्रेत तर शिक्षक व विद्यार्थी बरोबरीने खेळणी घडवत. या अध्यापनाचे मोठेपण शिष्यांच्या वेगळेपणात दिसते. राघव कनेरिया भंगार धातूकडे वळले, नागजी पटेल यांनी दगड आपलासा केला. दोघांचीही कामे गुरूच्या शिल्पांसारखी दिसत नाहीत.

१९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ललित कला अकादमीचे काम पाहताना दिल्लीतील गढी येथे कलावंतांसाठी सामाईक कार्यशाळा उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. भट्टी, ओतकाम, दगडकाम यांची सोय एकट्या शिल्पकाराला परवडत नाही. गढीत ती एकाच आवारात मिळू लागली.