लोणारचें सरोवर आणि भोंवतालच्या विहिरी

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार गांवाजवळ सपाट माळरान एकाएकीं तुटतें, आणि प्रवाशाच्या पायांखालीं सुमारें १३५ मीटर खोल असें एक विशाल वर्तुळाकार पात्र उघडें होतें. काठापासून काठापर्यंत त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर भरतो. उतारावर दाट झाडी, कपारींतून झिरपणारे गोड्या पाण्याचे झरे, आणि अगदीं तळाशीं हिरवट, खारट, उग्र वासाचें पाणी. या सरोवरास कोणतीही मोठी नदी मिळत नाहीं, आणि त्यांतून एकही ओढा बाहेर पडत नाहीं. उन्हाळ्यांत वऱ्हाडचें ऊन तें पाणी रात्रंदिवस शोषीत असतें. तरी तें पात्र पुनःपुन्हां भरतें. मग हें पाणी येतें कोठून? आणि झरे गोड असतां सरोवर खारें कां? सरोवराच्या कांठीं बसून कितीही वेळ पाण्याकडे पाहिलें, तरी या प्रश्नांचें उत्तर सांपडत नाहीं. त्यासाठीं वर माळावर येऊन शेतकऱ्यांच्या विहिरींत डोकवावें लागतें.

लोणारची कीर्ति जुनी आहे. विष्णूनें लवणासुर नांवाच्या दैत्यास येथें मारिलें अशी कथा असून, गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ त्या कथेची साक्ष देत उभें आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचल्या गेलेल्या 'ऐने-अकबरी'नें या भागाची नोंद केली ती येथें मिळणाऱ्या क्षारांसाठीं. कांच आणि साबण यांस लागणारे पदार्थ येथें होतात, असें तींत सांगितलें आहे. पुढेंही पाणी ओसरलें, म्हणजे तळाशीं सांठलेला खार काढून विकण्याचा धंदा चाले. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्या खाराच्या निरनिराळ्या जातींचीं नांवें होतीं. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहिलें, आणि त्यानंतर पाश्चात्त्य विद्वानांचें लक्ष तिकडे वळलें.

तथापि या विद्वानांच्या वादाचा विषय मुख्यतः खड्डा हा होता. पाणी हा नव्हे. हें ज्वालामुखीचें मुख आहे, कीं आकाशांतून पडलेल्या अशनीनें केलेला आघात आहे, या प्रश्नानें दीडशें वर्षें घेतलीं. अखेर सरोवराच्या तळाशीं वेधछिद्रें घेण्यांत आलीं. सुमारें १०० मीटर गाळाखालीं आघातानें चुरडलेला खडक हातीं लागला, आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें अशनिपाताच्या बाजूनें निर्णय दिला. खड्डा कोणी केला तें समजलें. तो भरतो कोण, हा दुसरा प्रश्न मात्र अधिक शांतपणें आणि अधिक चिकाटीनें सोडवावा लागणारा होता.

भूमीच्या पोटांतील पाण्याविषयीं माणसाचें कुतूहल फार प्राचीन. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'त दकार्गल नांवाचा एक अध्यायच या विषयास वाहिला आहे. शरीरांत जशा शिरा, तशाच भूमींतही पाण्याच्या शिरा वाहतात, असें मानून कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वारुळाच्या कोणत्या दिशेस, किती पुरुष खोलीवर पाणी लागेल, याचीं लक्षणें त्यानें दिलीं आहेत. युरोपांत तर सतराव्या शतकापर्यंत अनेक पंडितांची अशी समजूत होती, कीं समुद्राचें पाणीच भूमीच्या पोटांतून चढून डोंगरावर येतें आणि झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. नुसता पाऊस एवढ्या नद्यांना पुरेल, हें त्यांस पटत नसे. १६७४ सालीं पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थानें सेन नदीच्या उगमाकडील प्रदेशांत पडणारा पाऊस आणि त्या नदींतून वाहणारें पाणी यांचा हिशेब मांडला, आणि पावसाचा सहावा हिस्साही नदीला पुरून उरतो असें दाखविलें. १८५६ सालीं हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्यानें दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्तानें वाळूंतून पाणी गाळून पाहिलें, आणि दोन ठिकाणच्या जलपातळींतील अंतर जितकें अधिक, तितक्या प्रमाणांत वाळूंतून वाहणारें पाणी अधिक, असा नियम सिद्ध केला. या नियमानें विहिरीला नवें महत्त्व आलें. तोंवर विहीर म्हणजे पाणी काढण्याची जागा. आतां ती भूमींतील पाण्याची उंची दाखविणारी नळी झाली.

अर्थात् विहिरीचें पाणी मोजणें हें आपल्या लोकांस अगदींच अपरिचित होतें, असें नाहीं. लोणार गांवांतच लिंबी बारव म्हणून ओळखली जाणारी जुनी विहीर आहे. अशा बारवेच्या पायऱ्या हीच गांवाची मोजपट्टी. पाणी अमक्या पायरीवर आलें म्हणजे सुकाळ, आणि तमकी पायरी उघडी पडली म्हणजे जपून वागावें, एवढें ज्ञान पाणी भरणाऱ्या बायकांस असेच. परंतु एका बारवेची पायरी दुसऱ्या बारवेशीं ताडून पाहतां येत नाहीं. शास्त्रीय मापनाचा आरंभ येथूनच होतो.

त्याची रीत अशी. विहिरीच्या कठड्यावर एक कायमची खूण करावयाची. पोलादी फितीच्या टोंकास खडू फासून ती आंत सोडावयाची, आणि कठड्याच्या खुणेवर एक पूर्ण आंकडा जुळवावयाचा. फीत वर ओढल्यावर खडूचा जेवढा भाग भिजलेला दिसेल तेवढा त्या आंकड्यांतून वजा केला, कीं पाण्याची खोली निघाली. अलीकडे पाण्याला स्पर्श होतांच आवाज करणारीं विजेचीं साधनें आलीं आहेत. पण तत्त्व तेंच. मोट किंवा पंप चालूं असतां घेतलेलें माप फसवें असतें, कारण त्या वेळीं विहिरीचें पाणी भोंवतालच्या जमिनींतील पाण्याहून खालीं गेलेलें असतें. तें पुन्हां भरून स्थिर होईपर्यंत थांबावें लागतें.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची. समजा, माळाच्या उंचवट्यावर एक विहीर आहे. तिचा कठडा समुद्रसपाटीपासून ५७५ मीटरांवर, आणि पाणी कठड्याखालीं १४ मीटर. सखल शेतांत दुसरी विहीर आहे; तिचा कठडा ५६० मीटरांवर, आणि पाणी अवघें ४ मीटर खालीं. दुसरीचा मालक म्हणेल, आपलें पाणी वर आहे. पण हिशेब केला तर पहिलीचें पाणी ५६१ मीटरांवर आणि दुसरीचें ५५६ मीटरांवर निघतें. म्हणजे वाट मोकळी असेल, तर जमिनीखालून पाणी पहिलीकडून दुसरीकडे जाईल. हातांतील दोराची लांबी आणि पाण्याची खरी उंची या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येक कठड्याची उंची पातळीयंत्रानें ठरवावी लागते. मग नकाशावर सारख्या उंचीचीं पाणीं रेषांनीं जोडलीं, कीं भूजलाचा उतार डोळ्यांपुढें उभा राहतो.

हाच हिशेब लोणारला लावून पाहावा. खड्ड्याचा काठ भोंवतालच्या माळाहून सुमारें ३० मीटर उंच उचललेला आहे. म्हणजे माळाची जमीन सरोवराच्या पाण्याहून सुमारें १०० मीटर वर आहे. माळावरील खणलेल्या विहिरी सामान्यतः दहा-वीस मीटरांपलीकडे जात नाहींत. तेव्हां त्यांतील पाणी सरोवराच्या पाण्याहून कितीतरी उंचावर उभें आहे, हें उघड आहे. पाण्यास जेथें वाट मिळेल, तेथें त्याचा ओढा या खड्ड्याकडेच असणार. लोणार ही जणूं त्या परिसराच्या भूजलाची मोरी होय. मात्र या मोरीस बाहेर जाण्याची वाट नाहीं.

वाट कोठें मिळते, हें दक्षिणेच्या काळ्या पाषाणानें ठरविलेलें आहे. लाव्ह्याचे थर येथें एकावर एक रचलेले आहेत. त्यांपैकीं कुजून मुरूम झालेले, भेगाळलेले किंवा सच्छिद्र थर पाणी धरतात. घट्ट थर तें अडवितात. अशनीच्या आघातानें हे थर मध्येंच कापले गेले, आणि पाणी धरणारा थर जेथें उघडा पडला तेथें झरा फुटला. भाविक ज्या 'धारे'खालीं स्नान करितात, ती धार, तसेंच रामगया आणि सीतान्हाणी हीं सारीं गोड पाण्याचीं स्थानें याच प्रकारचीं. धार म्हणजे एका परीनें उभी कापलेली विहीरच. मात्र काठाजवळ आघातानें थर बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. त्यामुळें माळावरील प्रत्येक विहिरीचें पाणी सरोवराकडे येतें, असें सरसकट म्हणतां येत नाहीं. सरोवराची ओढ कोणत्या शेतापर्यंत पोंचते, ती हद्द विहिरी मोजूनच आंखावी लागते.

गोड पाणी खारें कसें झालें, याची किल्ली एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदानें १७१५ सालींच दिली होती. ज्या सरोवरांतून नदी बाहेर पडत नाहीं, त्यांत येणारें पाणी थोडथोडा क्षार घेऊन येतें. ऊन पाणी नेतें, क्षार मागें राहतो. कास्पियन आणि मृत समुद्र यांचीं उदाहरणें त्यानें दिलीं. लोणारचे झरे गोड लागतात, तरी काळ्या खडकांतून झिरपतांना त्यांनीं सोड्याचा अंश उचललेला असतोच. हजारों वर्षें तो सांठत गेला. भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणांतील ला टूश आणि ख्रिस्ती यांनीं १९१२ सालीं या सरोवराच्या क्षारांविषयीं सविस्तर लेख प्रसिद्ध केला. कमळजादेवीच्या देवळाजवळ 'सासूसुनेची विहीर' आहे. तिचें एका बाजूचें पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचें खारें, असें लोक सांगतात. सरोवर भरलें कीं ती बुडते, ओसरलें कीं उघडी पडते. वरून उतरणारें गोड भूजल आणि तळाचें खारें पाणी यांची सीमा या विनोदी नांवानें लोकांनीं केव्हांच नोंदून ठेविली आहे.

स्वातंत्र्योत्तर काळांत या कामास नियमितपणा आला. १९६९ पासून देशभर निरीक्षण-विहिरींचें जाळें विणलें जाऊं लागलें. १९७० सालीं केंद्रीय भूजल मंडळ अस्तित्वांत आलें, आणि वर्षांतून चार वेळां विहिरींचीं मापें घेण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रांत राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही हेंच काम करते. उन्हाळ्याच्या अखेरीस पातळी सर्वांत खालीं, पावसानंतर सर्वांत वर. या दोहोंमधील अंतरावरून त्या वर्षीं जमिनींत किती पाणी मुरलें याचा अंदाज येतो. एका वर्षाचें माप फारसें बोलत नाहीं. वीस-तीस वर्षांचीं मापें एकाखालीं एक मांडलीं, म्हणजे तीं बोलूं लागतात.

तीं कां बोलावयास हवींत, हें २०२० च्या जून महिन्यांत सर्वांच्या प्रत्ययास आलें. हिरवट सरोवर एकाएकीं गुलाबी झालें. पाणी ओसरून खारटपणा वाढला, आणि अतिक्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं आपला तांबूस रंग पाण्यास दिला, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें परीक्षा करून सांगितलें. पुढें पाऊस पडला आणि रंग ओसरला. पण पाणी कां घटलें? ही अपुऱ्या पावसाची करणी, कीं माळावर वाढलेल्या उपशाची? या दोन कारणांचा निवाडा सरोवराची पातळी एकटी करूं शकत नाहीं; दोन्ही वेळां ती सारखीच खालीं जाते. पाऊस चांगला होऊनही विहिरी खालीं राहिल्या तर दोष उपशाचा. पावसाबरोबर विहिरी वर आल्या तर तो अवर्षणाचा. आणि पाणी वाढणें हेंही नेहमीं शुभच असतें, असें नाहीं. भोंवतालीं बांधलेल्या तलावांचें पाणी झिरपून सरोवर फार गोडें झालें, तर ज्या स्पायरुलिनासारख्या जीवांसाठीं तें जगांत वेगळें ठरलें आहे, त्यांचेंच जीवन संकटांत येईल. त्याच वर्षीं लोणारला रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा मान मिळाला. पण मानपत्रानें पाणी टिकत नाहीं.

लोणारकडे पाहणारा प्रवासी काठावर उभा राहून खालीं पाहतो; त्याच्या पाठीमागें शेतांतील विहीर असते, तिकडे त्याचें लक्ष जात नाहीं. पण जें पाणी शेतकरी पिकास देतो, त्यांतीलच कांहीं भाग धारेंतून उतरून सरोवरास मिळावयाचा असतो. आभाळांतून आलेल्या एका दगडानें क्षणांत खड्डा केला. तो भरून ठेवण्याचें काम मात्र सहस्रावधि पावसाळ्यांनीं, थेंबाथेंबानें, जमिनीखालून केलें. त्या अदृश्य कामाची नोंद-वही म्हणजे विहीर. ती नियमानें लिहिली गेली, तर शेतकरी आणि सरोवर या एकाच पाण्याच्या दोन वाटेकऱ्यांस आपापला वाटा भांडणावांचून ठरवितां येईल.