गिनीपिगच्या उदराचें कोडें

गिनीपिग हा प्राणी गरीब म्हणून प्रसिद्ध आहे. पण आपल्या शरीरांतील गुपित राखण्यांत त्याच्या मादीचा हात धरणारे प्राणी थोडेच सांपडतील. कुत्री माजावर आली तर ती वार्ता साऱ्या आळीला कळते. गाय गाभण राहिली तर गवळ्याची सरावलेली नजर तें फार दिवस चुकवीत नाहीं. गिनीपिगच्या मादीला मात्र बाहेरून दिसेल असा ऋतुस्राव होत नाहीं, आणि तिचा योनिमार्ग बहुतेक काळ एका पातळ पडद्यानें मिटलेला असतो. तिचें पोट वाढूं लागलें म्हणजे आंत पिलें आहेत कीं बीजकोशावर पाण्याची गांठ झाली आहे, असा प्रश्न पाळणारापुढें उभा राहतो. उत्तर चुकलें तर मादीच्या प्राणावर बेतूं शकतें.

दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांत राहणाऱ्या लोकांनीं हा प्राणी हजारों वर्षांपूर्वीं माणसाळविला, आणि १६ व्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपांत आला. तेव्हांपासून पाळणाराजवळ साधन होतें तें हाताचें. उंदराएवढ्या जातीच्या प्राण्यांत गर्भाची मुदत तीन आठवड्यांची. गिनीपिगची सुमारें ६८ दिवसांची! पिलें जन्मतःच अंगावर केंस व उघडे डोळे घेऊन येतात. त्यामुळें शेवटच्या आठवड्यांत मादी दोन्ही बाजूंनीं फुगून पखालीसारखी दिसते. महिना उलटला कीं कसलेल्या हाताला गर्भ चांचपतां येतो, आणि प्रसूति जवळ आली कीं कमरेच्या पुढील हाडांमध्यें बोटाचें टोंक मावेल इतकी फट पडते. पहिलें वेत फार उशिरां आलें तर हीं हाडें नीट सुटत नाहींत व मादी अडते. ही फट पडते कशी, याचा शोध अमेरिकन संशोधक फ्रेडरिक हिसॉ यानें घेतला. गाभण प्राण्यांच्या रक्तांत हा सांधा सैल करणारें एक द्रव्य असतें, असें त्यानें १९२६ सालीं दाखविलें.

गांठीचीं लक्षणें निराळीं. ती बहुधा वय झालेल्या मादींत आढळते; दोन्ही कुशींवरचे केंस सारखे गळूं लागतात, पण अंगाला खाज नसते. तथापि पोट चांचपणारा हात अडाणी असेल तर गर्भाला इजा होण्याचें किंवा गांठ फुटण्याचें भय असतेंच.

प्रयोगशाळेंत या कोड्याला सोपें उत्तर होतें, तें म्हणजे सुरी. १९१४ सालीं न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयांत जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीक वैद्य चार्ल्स स्टॉकार्ड यांच्या हाताखालीं कामास लागला. आदल्याच वर्षीं तो पत्नीसह अमेरिकेंत आला होता. जवळ पैसा नव्हता, आणि पोटासाठीं त्यानें एका दुकानांत गालिचे विकले होते. स्टॉकार्ड गिनीपिगना मद्याची वाफ देऊन त्याचा संततीवर होणारा परिणाम पाहत होते. पापानिकोलाऊला पाहिजे होतें नेमक्या घटकेस पक्व झालेलें स्त्रीबीज. तें केव्हां पक्व होतें हें बाहेरून समजण्यास मार्ग नसल्यामुळें माद्या मारून पाहाव्या लागत, आणि बहुधा ती घटका टळून गेलेली असे किंवा यावयाची असे.

इतर सस्तन माद्यांना ऋतुस्राव होतो, तर या मादीलाही अत्यल्प कां होईना होत असेल, अशी त्याची अटकळ होती. त्यानें माणसाचें नाक तपासण्याचें एक लहानसें उपकरण आणलें, व त्याच्या साह्यानें मादीच्या योनिमार्गांतील द्रवाचा लेप कांचेवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखालीं धरला. रक्त दिसलें नाहीं. अटकळ चुकली, पण त्या लेपांत पेशींची जी गर्दी दिसली तिचें रूप दिवसागणिक पालटत होतें, आणि सुमारें १६ दिवसांनीं तेंच रूप फिरून येत होतें. गर्भ राहिला कीं हें रहाटगाडगें थांबे. स्टॉकार्ड व पापानिकोलाऊ यांनीं १९१७ सालीं हा शोध प्रसिद्ध केला. मादी जिवंत ठेवून तिच्या बीजकोशाची घडामोड वाचण्याची ही युक्ति लौकरच उंदीर व घुशी यांनाही लागू पडली. एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनीं १९२३ सालीं बीजकोशांतील रस पारखला तोही याच कसोटीवर.

यापुढें मनुष्यजातीकडे वळणें ओघानेंच आलें. त्या कामीं पापानिकोलाऊच्या पत्नीनें, आंद्रोमाखी यांनीं, स्वतःचे लेप वर्षानुवर्षें दिले. त्या प्रयोगशाळेंत विनावेतन राबत. त्यांचें नांव मात्र शोधाच्या मथळ्यावर नाहीं. पुढें इतर स्त्रियांचे लेप तपासतांना कांहींच्या लेपांत वेड्यावांकड्या, मोठ्या केंद्राच्या पेशी आढळल्या. त्या गर्भाशयाच्या मुखावरील कर्करोगाच्या होत्या. जानेवारी १९२८ मध्यें मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील परिषदेंत त्यानें हें सांगितलें, तेव्हां कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. गर्भाशयाचा तुकडाच काढून पाहतां येतो, मग त्यांतून झडलेल्या पेशी कशाला, असा तज्ज्ञांचा रोख होता. रुमानियांत ऑरेल बाबेश यानेंही त्याच सुमारास असाच शोध लावला; त्याचीही तीच गत. दुखणें जाणवण्यापूर्वींच तुकडा कोठून काढावयाचा, हा प्रश्न तज्ज्ञांना सुचला नाहीं, आणि मधल्या काळांत ज्या स्त्रिया गेल्या त्यांची गणती कोणीं ठेविली नाहीं.

हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाची जोड मिळाल्यावर १९४१ सालीं नवा निबंध व १९४३ सालीं ग्रंथ निघाला. त्यांतील पेशींचीं रंगीत चित्रें हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकारानें काढलीं होतीं. त्यानंतर मात्र ही तपासणी देशोदेशीं पसरली. पापानिकोलाऊ १९६२ सालीं वारला.

गिनीपिगच्या मादीचें पोट वाढलें तर आज पशुवैद्य लेप घेण्याच्या भानगडींत सहसा पडत नाहीं. ध्वनिलहरींच्या यंत्राच्या पडद्यावर गर्भाचें धडधडणारें हृदय दिसतें किंवा पाण्याची काळी पिशवी दिसते, आणि पुढील उपचार त्यावरून ठरतो.