जुन्या दरवाज्याचे खिळे

जीर्णोद्धाराच्या वेळी देवळाचा जुना दरवाजा उतरविला, तेव्हा त्यातून ओंजळभर चौकोनी घडीव खिळे निघाले. पुष्कळसे वाकलेले. लोहारदादांनी ते ऐरणीवर ठेवून ठोकले, तर सरळ झाले. एकही तुटला नाही. त्याच दिवशी बिडाची एक जाळी हातातून निसटून फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. दोन्ही लोखंडच, मग असे का?

ठोकल्यावर न तुटता पसरण्याच्या गुणास शाळेच्या पुस्तकात वर्धनीयता म्हणतात. धातूच्या अणूंचे थर घणाखाली एकमेकांवरून सरकतात, पण परस्परांस सोडीत नाहीत. बिडात सुमारे 3 ते 4 टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते ठोकले की तडकते.

आपल्या जंगलपट्टीत पूर्वी दगडापासून लोखंड काढीत. मातीची बुटकी भट्टी, लाकडी कोळसा आणि भाता, एवढीच सामग्री. लोखंड वितळण्यास 1538 अंश उष्णता लागते. तेवढी त्या भट्टीत होत नसे. मळी वितळून वाहून जाई व लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागे राही. तो लाल असतानाच घणाने ठोकून उरलेली मळी पिळून काढीत. लोखंड वितळलेच नाही, म्हणून त्यात कार्बन फारसा शिरला नाही, आणि म्हणूनच ते नरम राहिले. भट्टीचे हे उणेपण लोहाराच्या पथ्यावरच पडले म्हणावयाचे!

ही विद्या विदर्भात फार जुनी. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे 1978 ते 1980 च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती सुमारे 2,700 वर्षांपूर्वीची मानतात.

आपल्याच जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाची वाखाणणी 1882 च्या एका अहवालात होती. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. परंतु वरोऱ्याचा दगडी कोळसा मोठ्या भट्टीस योग्य ठरला नाही, आणि त्यांचा कारखाना पुढे साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास झाला. इकडे विलायती लोखंड स्वस्त मिळू लागले, सरकारी जंगलात कोळसा पाडण्यावर निर्बंध आले, आणि लहान भट्ट्या विझल्या.

आमचे खिळे मात्र भंगारात निघाले होते. भंगारवाला तराजू घेऊन आला, तेव्हा मी कचेरीतून नुकताच परतलो होतो. समितीच्या मंडळींशी थोडी हुज्जत घालावी लागली, ती त्यांनी मनावर घेतली नाही हे त्यांचे मोठेपण. त्यांतील पाच खिळे नव्या दरवाज्याच्या वरच्या पट्टीत ठोकले आहेत. बाकीचे तेल लावून देवळाच्या कपाटात डब्यात ठेवले आहेत; पुजारीबुवांस सांगितल्यास ते दाखवितात.